तिसऱ्या रात्रीची शंका

बाळंतपणानंतरची तिसरी रात्र. बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाने उठतंय. अंगावर घेतलं की चार मिनिटं चोखतं, पेंगतं आणि खाली ठेवलं की पुन्हा टाहो फोडतं. बाळंतिणीचे टाके ओढताहेत, दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. सोबत राहिलेली आई किंवा सासू हळूच म्हणते, "अगं, याचं पोटच भरत नाहीये. तुला अजून दूध उतरलेलं नाही." स्तन दाबून पाहिला जातो, दोन पिवळट थेंब दिसतात आणि सगळ्यांची खात्री पटते. कुणीतरी खाली मेडिकलमध्ये पावडरीचा डबा आणायला जातं. वाटी-चमच्याने वरचं दूध पोटात गेलं की बाळ तीन तास गाढ झोपतं, आणि आपली शंका बरोबर होती असं घरच्यांना मनापासून वाटतं.

त्या खोलीतल्या प्रत्येकाला बाळाची काळजीच असते. तरीही स्तनपानाबद्दलच्या सगळ्या गैरसमजांत सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज इथे जन्म घेतो, असं मी म्हणेन. दृष्ट, थंड-गरम, पथ्यपाणी हे सगळं त्यानंतरचं. "दूध पुरत नाही" हे तीन शब्द एकदा उच्चारले गेले की पुढचे कित्येक महिने ती आई प्रत्येक रडण्याकडे त्याच नजरेने पाहते.

तिसऱ्या रात्री शरीरात काय चाललेलं असतं? गरोदरपणातच स्तन दूध तयार करण्याच्या तयारीत असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ते रोखून धरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि मग दुधाचा जोर सुरू होतो. हे घडायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. पहिलटकरणीला आणि सिझेरियन झालेल्या बाईला थोडा उशीर होऊ शकतो. "सिझर झालं म्हणून दूध येत नाही" हे मात्र खरं नाही, कारण वार दोन्ही बाळंतपणांत पडतेच. सिझेरियननंतर खरी अडचण असते ती बाळ उशिरा अंगावर दिलं जाण्याची आणि कुशीवर वळायलाही कुणाचा तरी हात लागण्याची.

दूध उतरेपर्यंत बाळाला मिळतो तो चीक. तो घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा असतो, आणि थोडाच लागतो. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळेला जेमतेम २ ते १० मिली पितं, म्हणजे फार तर दोन छोटे चमचे. दुसऱ्या दिवशी ५ ते १५ मिली, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. दाबल्यावर धार लागली नाही म्हणून घाबरणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. या चिकात आतड्याच्या आतल्या बाजूला संरक्षण देणारी प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात. अनेक घरांत तो 'जुनं, साचलेलं दूध' म्हणून पिळून टाकला जात असे, आजही कुठे कुठे टाकला जातो. गाय व्यायली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून खातो. त्याच घरात आईचा चीक टाकून द्यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत भरून येतं. अंगात जास्तीचं पाणी घेऊनच ते जन्माला आलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचं ते सारखं उठणं आणि चोखणं हाच आईच्या शरीराला मिळणारा निरोप असतो. बाळ चोखतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं आणि ऑक्सिटोसिन तयार झालेलं दूध पुढे ढकलतं, ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो. प्रोलॅक्टिनचं प्रमाण रात्री जास्त असतं. म्हणजे जी रात्र बाळंतिणीला विश्रांती मिळावी म्हणून वरच्या दुधावर काढली जाते, ती दुधासाठी सगळ्यात मोलाची वेळ असते.

दूध तयार होण्याचं दुसरं नियंत्रण खुद्द स्तनात असतं. दूध साचून राहिलं की त्यातलेच काही घटक आणि भरलेल्या नळ्यांचा ताण निर्मिती मंद करतात. स्तन रिकामा झाला की ती वाढते. हे प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे चालतं. म्हणून एकाच बाजूने पाजणाऱ्या बाईचं दुसऱ्या बाजूचं दूध आटतं आणि पाजती बाजू भरपूर देत राहते. गावाकडच्या माणसाला हे विहिरीवरून चटकन कळतं: उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात. आता पहिल्या परिच्छेदातला पावडरीचा डबा आठवा. वरच्या दुधाने बाळ तीन तास झोपलं म्हणजे दोन-तीन वेळचं चोखणं बुडालं. बुडालेल्या प्रत्येक वेळेगणिक शरीराला 'इतकी गरज नाही' असा निरोप गेला. दूध कमी झालं, बाळ आणखी रडलं, वरचं आणखी वाढलं. महिन्याभरात त्या बाईला खरोखरच दूध पुरेनासं होतं आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो.

वरच्या दुधाने बाळ जास्त झोपतं हेही खरंच आहे. एक तर गरजेपेक्षा जास्त दूध एका दमात पोटात जातं, आणि पावडरीतली मुळात गायीच्या दुधातली प्रथिनं पचायला वेळ लागतो. पण जास्त झोप म्हणजे जास्त पोषण असं समीकरण नाही.

मग दूध पुरतंय की नाही हे ओळखायचं कशावरून? रडण्यावरून तर नाहीच. बाळ ओल्या लंगोटासाठी रडतं, उबेसाठी रडतं आणि संध्याकाळी काहीच कारण सापडत नाही तेव्हाही रडतं. संध्याकाळी तर कित्येक बाळं दोन-तीन तास लागोपाठ अंगावर असतात. वाढीचा जोर असतो त्या दिवसांत, बहुधा दोन-तीन आठवड्यांची, सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची असताना, एकाएकी जास्त वेळा मागतात आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा सावरतात. स्तनाच्या आकारावरूनही काही कळत नाही. आकार ठरतो तो मुख्यतः चरबीवर, आणि दूध बनतं ग्रंथींत. दीड महिन्यानंतर स्तन मऊ पडतात, पूर्वीसारखे दगडासारखे भरून येत नाहीत, तेव्हा कित्येकींना दूध आटलं असं वाटतं. खरं तर तोवर निर्मितीचा आणि मागणीचा मेळ बसलेला असतो. पंपाने काढून मोजलेलं दूध तर सगळ्यात फसवं, कारण नीट पकडून ओढणाऱ्या बाळाइतकं दूध पंपाला बहुतेक वेळा काढता येत नाही. सुरुवातीला येणारं दूध निळसर, पातळ दिसतं म्हणून "हिचं दूध पाणचट आहे, अंगी लागत नाही" असंही म्हटलं जातं. स्तन रिकामा होत जातो तशी त्यातली स्निग्धता वाढत जाते. म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटांनी बाजू बदलण्यापेक्षा एक बाजू बाळाने स्वतःहून सोडेपर्यंत पाजू द्यावी.

भरवशाच्या खुणा दोनच आहेत, आणि कुणालाही तपासता येतात. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा पांढुरकी, फिकट लघवी झाली पाहिजे आणि वजन वाढलं पाहिजे. पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली समजतात. पहिल्या दिवसांची काळी शी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी होणं हीसुद्धा दूध पोटात जात असल्याची खूण. मात्र या खुणा वरचं दूध, पाणी काहीही न देणाऱ्या आईसाठी लागू. पाणी पाजलेलं बाळ लघवी करेलच. वजन बघायला आशाताईंचा किंवा अंगणवाडीतला काटा चालतो. काटा एकच असावा आणि बाळाच्या अंगावर कपडे नसावेत, एवढंच पाहायचं.

बाळ दिवसरात्र अंगावर आहे, तरी वजन वाढत नाही, आईची बोंडं चिरली आहेत, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा पाहायची ती पकड. माझ्या मते या एका गोष्टीवर बाकी सगळ्या उपायांहून जास्त वेळ खर्च व्हायला हवा. आपल्याकडे बाया सवयीने दोन बोटांची कात्री करून बोंड बाळाच्या तोंडात सारतात. त्याने बाळाच्या तोंडात फक्त बोंड जातं, आणि दुधाच्या नळ्या तर त्यामागच्या भागात पसरलेल्या असतात. बाळ नुसतं बोंड चघळतं, दूध थोडं येतं, आणि आईच्या डोळ्यांतून पाणी.

डाव्या बाजूला पाजायचं तर बाळाला उजव्या हातावर घ्यावं. तळहात त्याच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेला आधार देणारी. डोक्यावर दाब नको. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डाव्या हाताने स्तन खालून धरावा, बोटं काळ्या वर्तुळापासून लांब. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला, नाकाच्या अगदी खाली लावावं आणि थांबावं. घाई इथेच होते. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेल, तेव्हा त्याला झटकन जवळ ओढावं, म्हणजे हनुवटी आधी स्तनात रुतेल आणि खालचा ओठ बाहेर उलटलेला राहील. पकड चांगली असेल तर काळं वर्तुळ वरच्या बाजूला थोडंफार दिसतं, खालच्या बाजूला जवळजवळ नाही. गाल फुगीर राहतात, आत ओढले जात नाहीत. दोन-तीन वेळा खोल ओढल्यावर गिळल्याचा बारीक आवाज येतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर पकड चुकली आहे. मग करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं, लागेल तितक्या वेळा.

आता खाण्यापिण्याकडे. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, मेथी, शतावरी कल्प, शेपू, बाळंतशोप, खसखस: बाळंतिणीला दूध यावं म्हणून आपल्या घरांत इतकं प्रेमाने रांधलं जातं की त्याविरुद्ध लिहायचं धाडस होत नाही, आणि लिहायचं कारणही नाही. हळिवात लोह भरपूर असतं, लाडवांतून उष्मांक मिळतात. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० जास्तीचे उष्मांक लागतात, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. पण या पदार्थांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. मेथी-शतावरीवर झालेले अभ्यास छोटे आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. पकड सुधारल्याशिवाय, बाळ वारंवार अंगावर घेतल्याशिवाय नुसत्या लाडवांनी काही होणार नाही. मेथीच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या तर रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाची औषधं चालू असलेल्या बाईने त्या विचारून घ्याव्यात.

लाडवांपेक्षा मला जास्त चिंता वाटते ती काय खाऊ देत नाहीत याची. डाळ वातूळ, दही-केळं थंड, पेरूने बाळाला खोकला, आंबटाने टाके पिकतात, पाणी प्यायलं की पोट सुटतं. असं एकेक वगळत बाळंतिणीच्या ताटात भात, तूप आणि मिऱ्याचं पाणी एवढंच उरतं. यातल्या कशानेही दूध बिघडत नाही. आई अशक्त असली तरी फार मोठी उपासमार झाल्याखेरीज दुधाचं प्रमाण सहसा घटत नाही. तिचं शरीर स्वतःचं झिजवून दूध देतं, आणि झीज मात्र तिची होते. काही जीवनसत्त्वांच्या बाबतीत बाळालाही ती भोगावी लागते. कटाक्षाने शाकाहारी आणि दूध-दहीही बेताने घेणाऱ्या आईच्या दुधात बी-१२ कमी पडू शकतं आणि अंगावरच्या बाळात रक्तक्षय, सुस्ती, हातापायांना कंप अशी लक्षणं दिसू शकतात. तेव्हा "आईच्या दुधात सगळं असतं" या वाक्यालाही थोडी मुरड घालायला हवी. ड जीवनसत्त्वही त्यात कमीच असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रोज ४०० युनिटचे थेंब देतात.

पाण्याचं काय? "एवढ्या उन्हाळ्यात लेकराच्या घशाला कोरड पडेल" असं आजी म्हणते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, आणि भारतातल्या कडक उन्हाळ्यात नुसत्या स्तनपानावरच्या बाळांना तपासलं तेव्हाही त्यांना वेगळ्या पाण्याची गरज आढळली नाही. पाण्याने पोट भरतं, चोखणं कमी होतं आणि जुलाबाचे जंतू आत जातात. सहाणेवर उगाळलेल्या गुटीचा धोकाही हाच. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. सोन्याच्या अंगठीला लावलेला एक थेंबसुद्धा नको, कारण मधात असू शकणारे बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून अंग लुळं पाडणारं विष तयार करतात.

आईला ताप आला, सर्दी झाली, ती चिडली, रडली, उन्हातून शेतातून आली, तरी दूध तापत नाही, नासत नाही, विषारी होत नाही. तापात उलट तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. भीती, वेदना किंवा ताणाने पान्हा थोडा उशिरा फुटू शकतो इतकंच. दूध आतच असतं. गाठ येऊन स्तन सुजला तर त्या बाजूचं पाजणं थांबवू नये. क्षयाचे उपचार सुरू असलेली आईसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजू शकते, बाळाला प्रतिबंधक औषध दिलं जातं. मिश्री मात्र खरोखर सोडावी, तिच्यातलं निकोटीन दुधात उतरतं. आणि पाजती आहे म्हणून दिवस राहणार नाहीत हा भरवसा तीन अटी एकत्र पाळल्या तरच धरता येतो: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावर, आणि पाळी परत आलेली नाही.

हे सगळे गैरसमज अडाणीपणाचं लक्षण आहेत असं कुणी म्हणू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाल्याचं दिसतं, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर-परिचारिका हाताशी असतानाही अर्ध्याहून जास्त बाळांचा पहिला तास वजन-कपडे-फोटोत जातो. पावडरीच्या दुधाची जाहिरात, फुकट नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी आणि डब्यावर बाळाचं चित्र यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लागायला हवा. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. पण बीडहून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोडणीवालीला रजा नाही आणि फडात कक्षही नाही. ती बाळाला पाचटावर ठेवून मोळ्या बांधते. तिचं दूध 'आटलं' तर त्याचं कारण तिच्या शरीरात शोधू नये.

खरोखर दूध कमी असणाऱ्या बायाही असतात, आणि त्यांना कुणी दोष देऊ नये. बाळंतपणात फार रक्त गेलं, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉइड बिघडला आहे, स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे, ग्रंथींची वाढच मुळात कमी आहे, इस्ट्रोजेनच्या गोळ्या लवकर सुरू झाल्या: ही खरी कारणं आहेत आणि ती तपासता येतात. बाळ सुस्त पडलं, पाजायला उठत नाही, लघवी कमी किंवा विटकरी रंगाची झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि सांगितलं तर वरचं दूध बिनदिक्कत द्यावं. कमी दिवसांच्या, अशक्त बाळांसाठी काही रुग्णालयांत दात्या मातांचं दूध मिळतं. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली.

आणि जिचं दूध महिन्या-दोन महिन्यांपूर्वी तुटलं, तिच्यासाठी अजून वाट बंद झालेली नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ते पुन्हा आणणं बरंच सोपं जातं. दिवसरात्रीत आठ-दहा वेळा, दर खेपेला दोन्ही बाजूंना बाळ लावायचं; बाकीचा वेळ ते उघड्या अंगाने छातीशी धरायचं. कोरडा स्तन चोखायला बाळ कंटाळतं, म्हणून परिचारिका बारीक नळीचं एक टोक बोंडाशेजारी चिकटवते आणि दुसरं दुधाच्या वाटीत सोडते. बाळ चोखतं, नळीतून त्याचं पोट भरतं आणि आईच्या शरीराला मागणी पोचत राहते. बाटली या काळात पूर्ण बंद. पहिले थेंब यायला बहुधा आठवडाभर लागतो, भरीव फरक पडायला दोन ते सहा आठवडे. जसजसं दूध वाढेल तसतसं वाटीतलं थोडं थोडं कमी करत जायचं, आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन पाहायचं.